'नलिंग'ला मराठीत काय म्हणावं?

शब्दवेडी
एका लेखाचं भाषांतर करतेय. ॲरिझोनात माउंट ग्रॅहमवर एकाच बैठकीवर ८.४ मीटरचे दोन आरसे असलेली दुर्बीण आहे. दोन्हींचा अवरक्त प्रकाश असा मिसळतात की ताऱ्याचा लखलखाट दबतो आणि त्याच्याजवळची मंद धूळ हाती लागते. पुढेमागे असाच ग्रहही टिपायचा. या युक्तीला 'नलिंग' म्हणतात. मी 'शून्यन' लिहिलं. आईला वाचून दाखवलं, तर म्हणाली, "कोण सुन्न झालं?" सुचवा काहीतरी.

नाना_सोवळे
शून्यीकरण. यात विचारण्यासारखं काय आहे?

खटपट्या
नाना, शून्यीकरण म्हटलं की मला थकबाकीचं पत्र आठवतं. 'मालवणे' घ्या. दिवा मालवतो तसा तारा मालवायचा.

भिंगवाला
मालवणे नको. (रोजचं काम हेच, त्यामुळे जरा लांबेल.) एका आरशाकडचा प्रकाश अर्धी तरंगलांबी उशिरा आणला की एका लाटेच्या माथ्यावर दुसरीचा खळगा येतो. १० मायक्रॉन तरंगलांबीच्या प्रकाशाला (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) हा उशीर ५ मायक्रॉन. पण तोच ५ मायक्रॉन शेजारच्या ११ला पुरत नाही, तिथून तारा गळतो. सगळ्या तरंगलांब्यांना सारखं उलटं करायचं, यातच डिझाइनवाल्यांचे केस पिकतात. ग्रह किंचित बाजूला असतो, त्याच्या लाटांचा मेळ वेगळा बसतो, म्हणून तो वाचतो.

आता शब्दाचा मुद्दा. तारा विझत नाहीच! दोन किरण मिसळणाऱ्या काचेला बाहेर पडायच्या दोन वाटा असतात. एकीवर अंधार, दुसरीवर सगळा तारा. म्हणून लाटांनी एकमेकींना खोडण्याला पुस्तकात 'विनाशी व्यतिकरण' म्हणतात, तेसुद्धा मला खुपतं. नाश कसला?

खटपट्या
मग 'ताऱ्याला वाटेला लावणे'! फक्त 'वाट लावणे' छापू नका. हलके घ्या.

तंबोरा
किंचित अवांतर. तंबोऱ्याच्या जोडीच्या तारा जुळवताना आधी 'वांव वांव' ऐकू येतं, सुरात आल्या की थांबतं. आमचे बुवा म्हणायचे, "मिटलं बघ." तेव्हा 'मिटवणे'? भांडण मिटतं, डोळे मिटतात. भांडणारे कुठे जात नाहीत.

भिंगवाला
हे आवडलं. पण तिथे वांव मिटते, सूर राहतो. इथे सूरच दुसऱ्या खोलीत पाठवायचा आहे.

शब्दवेडी
आणि हे सगळं अवरक्तातच का? वाचक विचारणार.

भिंगवाला
दृश्य प्रकाशात सूर्य पृथ्वीच्या सुमारे हजार कोटी पट तेजस्वी, १० मायक्रॉनला साधारण एक कोटी पट. ग्रहाची स्वतःची ऊब तिथे दिसते. म्हणून तर १९७८मध्ये खगोलशास्त्रज्ञ ब्रेसवेल यांनी अवकाशात गरगरणारी अवरक्त दुर्बिणींची जोडी सुचवली. जोडी फिरते तशी ग्रहाची खूण कमीजास्त होते, तारा दबलेलाच राहतो.

नाना_सोवळे
'अवरक्त' शब्द वापरलात, बरं वाटलं. हल्ली सगळे 'इन्फ्रारेड' करतात.

खटपट्या
शाळेत मला वाटायचं याचा रक्ताशी संबंध आहे. मास्तरांना विचारलं, तर छडी.

नाना_सोवळे
रक्त म्हणजे तांबडा. रक्तचंदन, आरक्त गाल. अव म्हणजे खाली.

तंबोरा
खाली कसं? तरंगलांबी तर जास्त असते की.

नाना_सोवळे
वारंवारितेने खाली. आणि पलीकडच्या टोकाला आमच्या वेळी 'जंबुपार' म्हणत. 'अतिनील' नंतर घुसला. नील म्हणजे निळा, जांभळा नव्हे.

खटपट्या
काका, जांभूळ खाल्लेली जीभ आधी बघा, मग रंगावर बोला.

नाना_सोवळे
बघितली आहे. पिकलेल्या जांभळाची जांभळी, कच्च्याची नाही.

शब्दवेडी
लेख उद्या सकाळी द्यायचाय. तूर्त 'नलिंग' ठेवून कंसात 'तारा मिटवणे' लिहितेय.

भिंगवाला
मिटवणे नको म्हटलं ना.

तंबोरा
नाना, कच्चं जांभूळ हिरवं असतं.