सांगायचा भाव आणि द्यायचा भाव यांत अंतर किती ठेवावे?

प्रश्न:
मी माझा जुना कॅमेरा विकायला काढला आहे. भाव चढवून सांगितला तर कोणी फिरकणार नाही अशी धास्ती वाटते, आणि हवा तेवढाच सांगितला तर घासाघिशीत त्याहूनही खाली यावे लागते. परवा एका गृहस्थांनी भिंगाच्या कडेचा ओरखडा बोटाने दाखवला आणि ते नुसते गप्प राहिले; त्यांनी काही मागण्याआधीच मी दहा टक्के कमी करून मोकळी झाले. पहिला आकडा कशाच्या आधारे ठरवावा?

प्रतिसाद १:
ज्याखाली वस्तू द्यायचीच नाही तो आकडा आधी ठरवा. हा सौदा फिसकटला तर हाती कोणता पर्याय उरतो, यावरून तो ठरतो. आपण कधीकाळी किती मोजले होते याचा त्याच्याशी संबंध नाही. सांगायच्या भावासाठी, तसे कॅमेरे प्रत्यक्षात कितीला विकले गेले ते शोधा, कारण जाहिरातीतला भाव ही केवळ विकणाऱ्याची अपेक्षा असते. ओरखडा मात्र तुम्हीच आधी सांगा, म्हणजे तो दाखवून भाव पाडता येणार नाही.

प्रतिसाद २:
पहिल्या आकड्याची ओढ जाणकारांनाही चुकत नाही. नॉर्थक्राफ्ट आणि नील यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात घरांच्या व्यवहारांतील दलालांना एकच घर दाखवले, माहितीही तीच दिली, फक्त मागणीची किंमत वेगवेगळी ठेवली. ज्यांना चढी किंमत दिली होती त्यांनी घराचे मोलही अधिक धरले, आणि तरीही आपण त्या किमतीचा विचार केला असे फार थोड्यांनी सांगितले. म्हणून मी खरेदीला जाताना माझा आकडा आधीच कागदावर लिहून ठेवतो.

प्रतिसाद ३:
हे खरे असले, तरी अवाच्या सवा भाव ऐकला की मी बोलणी सुरूच करत नाही. शिवाय विक्रेता किती सोडतो यापेक्षा कसा सोडतो याकडे माझे अधिक लक्ष असते: सूट प्रत्येक वेळी आधीपेक्षा लहान होत गेली तर त्याची मर्यादा जवळ आली असे मी समजतो, पण न मागताच मोठी सूट मिळाली, तर अजून बरीच जागा आहे असे वाटून मी आणखी खाली मागतो. त्या गृहस्थांनीही बहुधा तेच केले असते.

प्रश्नकर्ती:
त्यांनी तेच केले. आता जाहिरातीत ओरखड्याचे छायाचित्र घातले आहे आणि त्याची वजावट भावातच धरली आहे.