जिन्याला मागाहून बसवलेली पट्टी – तुमचे अनुभव लिहा

पायरीवरची: समोर सकाळपासून ग्राइंडर किंचाळतोय. राहत्या घरात जिन्याला ग्रॅनाइटची स्कर्टिंग, म्हणजे पायऱ्यांलगत भिंतीच्या तळाला लावायची पट्टी, चाललीय. मला आमच्या साताऱ्याच्या घरातला लाकडी जिना आठवला. पुसायच्या फडक्याने भिंतीची कड काळी व्हायची, दर दिवाळीला चुना, संक्रांतीपर्यंत परत काळी. शेवटी बाबांनी सागवानी फळी बसवून घेतली. सुतारकाकांनी काटकोन तपासायचा गुण्या लावून बघितला आणि म्हणाले, "एक पायरी दुसरीची सख्खी बहीण नाय." मग जुन्या कॅलेंडरांचे पुठ्ठे घेऊन प्रत्येक पायरीचा वेगळा साचा कापला, त्यावर नंबर टाकला, आणि ते सगळे ओळीने फळीवर उतरवून घेतले. फळी भिंतीला लागली तेव्हा फटीत पोस्टकार्डसुद्धा जात नव्हतं. तुमच्याकडे केलंय का कुणी? लाकूड, फरशी, काहीही चालेल.

मनीमाऊ: आमचा मिस्त्री खालच्या एका पायरीचं माप घेऊन गेला आणि सगळे तुकडे त्याच मापाचे कापून आणले!! वरची पायरी एक इंच उंच. हॉलमधली फरशी नंतर जाड टाकली की खालची पायरी बुटकी होते, वर उलटं. हे त्याला मी सांगायचं?

चहाबाज: पोस्टकार्ड 😄 आता फटी मोजायला क्रेडिट कार्ड घ्या.

न्यूजर्सीकर: इकडे नवीन घरात फळी आधी, पायऱ्या मागून. जुन्या घरात सगळं उरफाटं. मी फळी पायऱ्यांच्या नाकांवर, म्हणजे पुढच्या कडांवर, तिरकी टेकवली आणि कंपासने रेघ उतरवली. टोक पायरीवर, पेन्सिल फळीवर. कंपासचं तोंड मधे हलू द्यायचं नाही आणि तो कायम उभाच धरायचा, पायरीबरोबर फिरवला की माप गेलं. रेघेच्या किंचित बाहेरून कापा, उरलेलं कानशीने. घर १९७८ च्या आधीचं असेल तर जुना रंग घासायच्या आधी शिसं तपासून घ्या, घरगुती वापराचे शिशाचे रंग इथे त्या वर्षी बंद झाले.

मनीमाऊ: @न्यूजर्सीकर एवढं सगळं स्वतः?? आमच्याकडे बल्ब बदलायलाही माणूस येतो.

न्यूजर्सीकर: इथल्या सुताराची मजुरी ऐकलीत तर तुम्हीही करवत धराल.

खाडीकाठची: रत्नागिरी. पावसाळ्यात फळी बसवू नका, एवढंच सांगते. ओलं लाकूड फुगलेलं असतं, मार्गशीर्षात आक्रसतं नि फट पडते. आणि भिंतीकडची बाजू, जी कुणाला दिसत नाही, तिलाच आधी प्रायमर. वाळवी तिथूनच येते. आमच्या फळीला पुढून पॉलिश चकचकीत, मागे बोट घातलं तर भुसा. एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी, तर नकोच, लादी पुसताना पाणी लागलं की खालची कड पुरीसारखी टम्म.

लिफ्टबंद: आमचा चौथा मजला, लिफ्ट गणपतीपासून बंद. जिन्याशी माझं भांडण आहे, सजवणार नाही.

चहाबाज: @लिफ्टबंद गुडघे कसे आहेत?

लिफ्टबंद: एक बरा आहे.

आत्याबाई: कुकर लावलाय, थोडक्यात लिहिते. खिळे ठोकायच्या आधी वायर कुठून गेलीय बघा. जिन्याचा दिवा वरून-खालून दोन्हीकडून लागतो ना, त्याची नळी भिंतीतून वर जाते. आमच्याकडे ड्रिल बरोब्बर त्यात. नशीब मेन स्विच बंद होता. दिवा मात्र पंधरवडाभर नव्हता, सासूबाई बॅटरी घेऊन वर जायच्या नि उतरताना ओरडायच्या.

पायरीवरची: अगं बाई! @आत्याबाई लागलं नाही ना कुणाला?

आत्याबाई: छे. सासूबाईंना विषय मिळाला. तू साताऱ्याची का? येताना कंदी पेढे आण.

मनीमाऊ: फटीत भरायचं सिलिकॉन लावल्यावर किती वेळ पाय ठेवायचा नाही? मिस्त्री "लगेच चालतं" म्हणतोय, माझा विश्वास नाही.

न्यूजर्सीकर: ट्यूबवर लिहिलेलं असतं. रात्रभर तरी हात लावू नका, पोरांना सांगा.

मनीमाऊ: पोरं ऐकतात. बोक्याला कोण सांगणार?