दोन वर्षांनंतरही लळा लागतो

पहिल्या दोन वर्षांत आईशी नातं घट्ट जुळलं नाही तर पुढे चिंता, नैराश्य अटळच, असं काही जण म्हणतात. संबंध आहेच, पण 'अटळ' पटत नाही. रोमानियात बुखारेस्टच्या अनाथालयांतल्या १३६ बाळांवर २००१ च्या सुमारास अभ्यास सुरू झाला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निम्मी मुलं सांभाळ-कुटुंबांत दिली, बाकीची होती त्याच व्यवस्थेत राहिली. कुटुंबात गेलेल्यांपैकी बऱ्याच जणांचं साडेतीन वर्षांपर्यंत सांभाळणाऱ्या बाईशी सुरक्षित नातं जुळलं. साडेचाराव्या वर्षी त्यांच्यातल्या मुलींमध्ये चिंता-नैराश्याचे विकार बाकीच्या मुलींपेक्षा कमी निघाले, आणि हा फरक त्या नात्यामुळेच पडल्याचं विश्लेषणात दिसलं. मुलग्यांमध्ये मात्र तसा फायदा दिसला नाही, तेही सांगायला हवं.

दोन वर्षांच्या आत घर मिळालेल्यांचं नातं जास्त सुरक्षित होतं, तेव्हा लवकर तितकं बरं हे खरंच. पण दत्तक घेऊ पाहणारी कितीतरी जोडपी तीन वर्षांच्या मुलाला 'आता याला आपला लळा लागायचा नाही' म्हणून नाकारतात, ते ऐकून जीव तुटतो. त्यांना कुणीतरी ही बुखारेस्टची मुलं दाखवा हो.