मदत हवी आहे: ऊसतोड कुटुंबांतल्या मुलांच्या मनासाठी काय करता येईल?

नमस्कार मंडळी. मी बीड जिल्ह्यात माध्यमिक शाळेत शिकवते. दिवाळीच्या सुमारास इथली बरीच घरं कारखान्यावर जातात, ती मार्च-एप्रिललाच परततात. मुलं मागे आजीकडे, नाहीतर हंगामी वसतिगृहात. अभ्यास बुडतो यावर सगळे बोलतात. मनाचं कुणी विचारत नाही, आणि मला तेच जास्त छळतंय.

नववीतला एक मुलगा गणितात हुशार. यंदा गप्प गप्प असतो, रात्री झोप येत नाही म्हणतो. मुकादमाकडून हंगामाआधी आगाऊ घेतलेली उचल किती फिटली, किती अंगावर राहिली, याचा हिशोब वहीच्या मागच्या पानावर मांडतो. सहलीचं विचारलं तर "मला गाडी लागते" म्हणून टाळतो. दहावीनंतर काय? "बाई, कोयताच की." अशा पोरांना मठ्ठ, आळशी म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. ती सतत घोरात असतात हो!

टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर फळ्यावर लिहून ठेवलाय. पण फोन आजीचा, आणि एका खोलीत सगळ्यांसमोर बोलणार कसं? डॉक्टरांकडे नेऊ म्हटलं तर आजी म्हणते, "पोरगं काय येडं झालंय का?"

अशा मुलांसोबत कुणी काम केलंय का? शाळेत समुपदेशक यावेत म्हणून अर्ज कुणाकडे करायचा? त्याला न लाजवता सहलीचे पैसे कसे भरावेत? आणि आईवडिलांना फोनवर हे सांगावं, की फडात त्यांच्या जिवाला आणखी घोर लागेल?