सोसायटीच्या ग्रुपवर: बागेतल्या तंबूच्या कळकांचं (बांबूंचं) काय ठरलं?

बी-३०४ काकू: काल वळवात मुलांचा तंबू आडवा झाला. माझी नात दोन हातांवर होती. परवानगी कोणी दिली?

ए-१०२: काकू, नात बरी आहे ना? सुट्टीचा उपक्रम होता. तोंडी विचारलं होतं.

बी-३०४ काकू: झोपाळ्याच्या वेळीही तोंडीच होतं!

सी-४०१: निळी ताडपत्री माझी आहे. ओली घडी घालू नका.

सेक्रेटरी: कृपया जुने विषय नकोत 🙏

ए-५०३ काका: त्या तंबूला टीपी म्हणतात. शब्द लाकोटांचा, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या गवताळ मैदानांतल्या मूळ रहिवाशांचा. तिथे वारा थोडा नसतो, तरी टीपी टिकते. आपण मांडवाचे चारच कळक सुतळीने बांधले, खुंटी एकही नाही. आधी तीन कळक आडवे ठेवून शेंड्याजवळ काथ्याच्या दोराने आवळायचे. उभे करून पाय फाकवायचे. बाकीचे सहा-सात वरच्या बेचक्यात टेकवायचे. मग तोच दोर सगळ्यांभोवती फिरवून आत, मधोमध ठोकलेल्या खुंटीला ताणून बांधायचा.

ए-१०२: आणि ताडपत्री केवढी?

ए-५०३ काका: ९ बाय १८ फूट. लांब कडेच्या मध्यावर ९ फुटी दोरी धरून अर्धवर्तुळ कापायचं. गुंडाळलं की तळाचा व्यास ९ फूट, उंची पावणेआठ. कळक ११-१२ फुटी लागतील.

सी-४०१: माझी ताडपत्री कोणी कापायची नाही. आणि ओली घडी घालू नका.

बी-२०१: आमची लिफ्ट सुरू होईपर्यंत टीपीवरूनच चढतो 😄

बी-३०४ काकू: पोराबाळांच्या जिवाचा प्रश्न आहे. हसण्यावारी नेऊ नका.

ए-१०२: वॉचमनदादांशी बोलले. आईवडील बीडहून ऊसतोडीला जायचे, दादांचं लहानपण कोपीत, म्हणजे ऊसतोड्यांच्या झोपडीत गेलंय. म्हणाले, "ताई, वाऱ्याकडं पाठ करा, दार दुसऱ्या अंगाला. अन् खालून हातभर उघडं ठेवा, नायतर पोरं उकडून निघतील."

ए-५०३ काका: अगदी बरोबर! लाकोटाही उन्हाळ्यात खालची कड गुंडाळून वर घेतात. मैदानात वारा पश्चिमेचा, म्हणून त्यांचं दार पूर्वेला.

ए-३०१: दादांना बोलवायचं तर कामाचे वेगळे पैसे द्या. गणपतीच्या मांडवाला दिवसभर राबवलं आणि चहावर भागवलं.

सेक्रेटरी: तेव्हा बजेट नव्हतं.

ए-३०१: फटाक्यांना होतं.

सेक्रेटरी: ठीक आहे. दादांचे पैसे उपक्रमाच्या खात्यातून देऊ. ड्यूटी संपल्यावर, आणि त्यांची तयारी असेल तरच.

बी-३०४ काकू: आत चूल नको, मेणबत्तीसुद्धा नको. प्लॅस्टिक पेटलं तर अंगाला चिकटतं. हे लेखी हवं. वारा सुटला की मुलं बाहेर, हेही.

ए-१०२: लिहून बोर्डावर लावते काकू. नवी ताडपत्री मी आणते.

बी-३०४ काकू: मग रविवारी सकाळी मी स्वतः उभी राहीन. खुंट्या किती लागतील?

ए-५०३ काका: दहा-बारा. दीड फुटी आणा, माती भुसभुशीत आहे.

सी-४०१: माझी घडी कोणी घातली? ओलीच आहे.