मदत हवी आहे : गाभण माद्यांची खुरं तडकताय, उपाय सांगा
नमस्कार मंडळी, जळगावकडे आमचं छोटं वराहपालन आहे, लार्ज व्हाइट यॉर्कशायर जातीच्या डुकरांच्या माद्या. यातल्या काही जुन्या माद्या मागच्या पायाने लंगडताय. खूर धुवून पाहिलं तर बाहेरच्या नखीला उभी चीर आणि तळाशी टाच जिथे कडक खुराला भेटते तिथे फट, त्यात शेण-माती घट्ट बसलेली, बोटाने दाबलं की मादी पाय झटकते. तोंडात किंवा खुराच्या बेचक्यात फोड नाही, लाळ नाही, तापही नाही, म्हणून लाळ्या खुरकूत वाटत नाही, तरी डॉक्टरांना दाखवणारच आहे.

मला शंका कोब्याची येते, तो खरबरीत झालाय आणि आपल्या खान्देशातलं ऊन तुम्हाला माहीतच आहे, उन्हाळ्यात दिवसभर फवारे चालू ठेवावेच लागतात मग खुरं ओलीच राहतात आणि नरम पडतात. बाहेरची नखी मोठी, वजन तिच्यावरच जास्त, त्यात गाभण मादी म्हटल्यावर बघायलाच नको.

खाद्यात मका, सोयापेंड, गव्हाचा कोंडा आणि मिनरल मिक्श्चर आहे. बायोटिन (एक जीवनसत्त्व) आणि झिंक वेगळं द्यायचं का? नवीन खूर वरून हळूहळू उतरतं म्हणजे फरक दिसायला महिने जाणार, तोपर्यंत दुखणं कमी कसं करायचं? मोरचुदाचं (कॉपर सल्फेट) ५ टक्के पाणी पाय बुडवायला कोणी वापरलंय का, उघड्या चिरेवर चालतं का? रबर मॅट टाकली तर डुकरं कुरतडतात का? आणि वाढलेली नखं कापताना मादी धरता कशी, ते पण सांगा भाऊ, चांगल्या दूधवाल्या माद्या आहेत, पायामुळे काढून टाकायची इच्छा नाही.