आईच्या हृदयात गाठ: कॅन्सर पसरलाय की गुठळी?

मनवा: आईला स्तनाचा कॅन्सर आहे, वय 61. छातीत पोर्ट (केमोचं औषध मोठ्या शिरेत सोडायची त्वचेखालची डबी आणि नळी) बसवलाय, केमो चालू आहे. परवाच्या एकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) उजव्या एट्रियममध्ये, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यात, 18 मिमीची हलणारी गाठ दिसली. रिपोर्टवर ‘थ्रॉम्बस? मेटास्टॅसिस?’ एवढंच, म्हणजे रक्ताची गुठळी की पसरलेला कॅन्सर. तिला दम लागत नाही, पाय सुजलेले नाहीत. घरात मात्र सगळ्यांनी ‘पसरला’ असं धरलंय. बायॉप्सी करावी लागेल का?

एकोवाला: मी रोज एको करतो, पण तुमचा व्हिडिओ पाहिलेला नाही, हे आधी सांगतो. पोर्टच्या नळीचं टोक कुठे आहे, हे रिपोर्टमध्ये लिहिलंय का? टोक एट्रियममध्ये असेल आणि गाठ त्यालाच चिकटून हलत असेल, तर माझा पहिला संशय गुठळीवर. कॅन्सरमध्ये रक्त तसंही लवकर गोठतं.

पसरल्याची शंका मात्र बिनबुडाची नाही. हृदयातच सुरू झालेल्या गाठींपेक्षा दुसरीकडून आलेल्या कितीतरी जास्त असतात. फुप्फुस, स्तन, मेलानोमा (त्वचेचा एक कॅन्सर), लिम्फोमा (लसीका ग्रंथींचा कॅन्सर) ही नेहमीची नावं. पण स्तनाचा कॅन्सर बहुधा आधी हृदयाच्या आवरणात शिरतो. तिथे पाणी साचलंय का, बघा.

फरक कळायला कॉन्ट्रास्ट (रक्तातून जाऊन चित्रात उजळणारं औषध) देऊन कार्डियाक, म्हणजे हृदयाचा, एमआरआय उत्तम. गुठळीला रक्तपुरवठा नसतो, म्हणून ती काळीच राहते. ट्यूमर बहुधा कॉन्ट्रास्ट घेतो. जुनी गुठळी कधी कडेने उजळते, तेवढ्यावरून घाबरू नका.

मनवा: टोक एट्रियममध्येच आहे म्हणे! आवरणात पाणी नाही. पण पोर्ट असताना एमआरआय चालतो? आणि कॅन्सरच्या डॉक्टरांनी पेट (PET) स्कॅनही सुचवलाय.

एकोवाला: बहुतेक पोर्ट चालतात. पोर्टचं कार्ड मिळालं असेल ते एमआरआयवाल्यांना आधीच दाखवा.

चिऊताई: पेटबद्दल सांगते, माझ्या काकांच्या वेळी पाहिलंय. त्यात किरणोत्सारी साखर टोचतात आणि ती जिथे जास्त ओढली जाते तो भाग उजळतो. हृदयाचा स्नायू स्वतःच साखर ओढतो, मग गाठ त्या उजेडात हरवते. म्हणून आदल्या दिवशी भात-पोळी-गोड बंद, स्निग्ध जेवण, मग लांब उपास. सेंटरला ‘हृदय बघायचंय’ असं स्पष्ट सांगा, नाहीतर ते नेहमीचीच तयारी सांगतात. आईंना डायबेटीस असेल तर उपास आणि गोळ्यांचं त्यांनाच विचारा.

एकोवाला: बरोबर. बायॉप्सीची घाई नको. एमआरआयमध्ये गुठळी वाटली तर सहसा रक्त पातळ करणारं औषध देऊन काही आठवड्यांनी एको पुन्हा करतात. विरघळली तर प्रश्नच मिटला. औषध आणि पोर्ट काढायचा की ठेवायचा, हे कार्डिऑलॉजिस्ट आणि कॅन्सरचे डॉक्टर मिळून ठरवतील. पण एवढी हलणारी गाठ आहे, तेव्हा त्यांना आजच फोन करा. अचानक धाप लागली किंवा छातीत दुखलं तर थेट इमर्जन्सीत.